गळती दिसते तिथे नसते

माझ्या मुलीच्या बुडावर सध्या पाणघोडे आहेत. गुलाबी, गुबगुबीत, दात दाखवून हसणारे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही घडलं त्यात या पाणघोड्यांचा काडीचाही दोष नव्हता, आणि तरीही सगळ्यात जास्त बोलणी त्यांनीच खाल्ली. त्यांच्या खालोखाल मी.

मुलीला आम्ही बेडकी म्हणतो. दाखल्यावर छान भारदस्त नाव आहे, पण ती उताणी पडून पाय ज्या तऱ्हेने दुमडते ते पाहिल्यावर त्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही. तर या बेडकीला दुकानातल्या डायपरांनी पुरळ आलं. साधंसुधं नाही, लालभडक. नुसता हात जवळ नेला तरी तिचा खालचा ओठ थरथरायला लागायचा. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे कागदी प्रकरण बंद. हवा लागू द्या.”

हवा लागू द्या म्हणायला त्यांचं काय जातंय! बेडकीला हवा लागली रे लागली की त्याच क्षणी आमच्या सोफ्याला, सतरंजीला आणि एकदा तर नवऱ्याच्या लॅपटॉपला पाणी लागायचं. नवरा त्या वेळी कुणा वरिष्ठांशी व्हिडिओवर बोलत होता. तो म्हणतो, त्याचं बोलणं वरिष्ठांनी एवढ्या लक्षपूर्वक पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं.

बरं, आरामात हवा लावत बसायला मला सवड नव्हती. रजा संपत आली होती. मी बसगाड्यांची वेळापत्रकं बनवते. बस उशिरा आली की थांब्यावर उभे असलेले लोक ज्या अज्ञात माणसाच्या नावाने बोटं मोडतात, तो माणूस म्हणजे मी. साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, “रजा आणखी वाढणार नाही हं. तुमच्या खुर्चीवर बसायला एक जण तयारच आहे.” तो एक जण कोण हे मला ठाऊक होतं. त्याने माझ्या कपाटातला माझा स्टेपलरसुद्धा आधीच स्वतःच्या टेबलावर नेला होता.

तेव्हा शोधाशोध करून मी हायब्रिड डायपर मागवले. हायब्रिड म्हणजे काय, ते मी तेव्हापासून इतक्या लोकांना समजावलंय की झोपेतही सांगेन. वरून एक कव्हर: पाणी न झिरपणारं, टिचबटणांचं, पुन्हा पुन्हा वापरायचं. पाणघोडे त्यावरच. आत एक घडी. ती हवी तर कागदी घ्या आणि वापरून टाका, हवी तर सुती घ्या आणि धुऊन वापरा. घडी भिजली की फक्त घडी बदलायची, कव्हर तेच. कागदाशी आमचं भांडण असल्यामुळे आम्ही सुती घेतल्या. कल्पना इतकी सुटसुटीत होती, की ती आमच्या घरात सुटसुटीत राहणार नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासूबाईंनी एक कव्हर दोन बोटांत धरून उलटसुलट केलं. “म्हणजे लंगोटच की गं.”

“आई, लंगोट नाही. आधुनिक आहे.”

“बटणं लावलेला लंगोट,” त्या समजूतदारपणे म्हणाल्या आणि घडी गालाला लावून पाहिली. ते गालाला लावणं नीट लक्षात ठेवा.

सासऱ्यांनी मात्र पाणघोड्यांच्या वरून, खालून, शिवणीतून बोट फिरवलं आणि मान डोलावली. सासऱ्यांची उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली. जमिनीखालच्या नळांची गळती शोधून काढणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यात ओलं दिसलं की ते थांबतात. “गळती दिसते तिथे नसते,” हे त्यांचं एकच वाक्य. ते आमच्या फ्रिजला लावतात, देशाच्या कारभाराला लावतात, आणि एकदा समोरच्या वहिनींच्या भावाच्या घटस्फोटालाही त्यांनी ते लावलं होतं.

आणि काय सांगू, पहिले काही दिवस दृष्ट लागावी असे गेले. बेडकी कोरडी. पुरळ उतरणीला. तिला पालथं टाकून मी नुसती बघत बसायचे. लाल रंगाचा गुलाबी झाला, गुलाबीचा बेडकीच्या स्वतःच्या रंगाचा होत चालला. जगातल्या कुठल्याही सूर्योदयाकडे मी इतकं मन लावून पाहिलेलं नाही.

याच भरात मी पाळणाघरात गेले. आमच्या कार्यालयापासून पायी जाता येईल असं ते एकच, आणि जागाही एकच शिल्लक. चालवणाऱ्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. पूर्वी त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या खोलीत आल्या की रांगणारी मुलं आपोआप एका ओळीत रांगायला लागतात.

“कापडी चालत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“हे नुसतं कापडी नाही, हायब्रिड आहे.”

“म्हणजे टाकून द्यायचं?”

“आतली घडी टाकून देता येते. पण आम्ही टाकणार नाही.”

“मग काय करणार?”

“धुणार.”

“म्हणजे कापडी.”

“पण बाहेरून कव्हर असतं ना...”

“ते टाकणार?”

“नाही, तेही धुणार.”

“बाई,” त्या म्हणाल्या, आणि मला एकदम पाढे न आल्यासारखं वाटलं, “माझ्याकडे दोन कप्पे आहेत. एक कापड्यांचा, तो मी बंद केलाय, कारण कापडी गळतात. दुसरा टाकाऊंचा. तुमच्यासाठी तिसरा कप्पा मी कुठून आणू?”

मी पुरळाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. खालचा ओठ कसा थरथरतो ते तर करून दाखवलं. मोठ्या बाईंनी बराच वेळ माझ्या ओठाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एक दिवस आणून बघा. गळलं नाही तर पाहू.”

मी पाणघोड्याएवढं हसत घरी आले. इथे माझ्या आयुष्यात सेक्रेटरीकाकांचा प्रवेश झाला.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरीकाका आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. इमारतीचे नियम त्यांनीच केलेत आणि ते मोडणाऱ्यांची वाट पाहत ते जिन्यात उभे असतात.

“दर्शनी बाल्कनीत अंतर्वस्त्रं वाळत घालायची नाहीत, असा नियम आहे,” ते मला अडवून म्हणाले.

“काका, ती अंतर्वस्त्रं नाहीत. बाळाचे डायपर आहेत.”

“आत घालतात की बाहेर?”

आता याला काय उत्तर देणार! मी म्हटलं, “कव्हर बाहेरून घालतात, घडी आत असते.”

काकांनी हा मुद्दा चक्क कमिटीपुढे ठेवला. कमिटी म्हणजे ते, तळमजल्यावरचे दंतवैद्य आणि समोरच्या वहिनी. पाणघोड्यांचं एक कव्हर पुरावा म्हणून टेबलावर मांडलं होतं. दंतवैद्यांनी पाणघोड्यांचे दात बारकाईने पाहिले. वहिनींनी मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, “दोन घड्या घालत जा गं एकावर एक, अजिबात टेन्शन नाही.” आणि बऱ्याच चर्चेनंतर निकाल लागला: कव्हर हे बाह्यवस्त्र असल्याने दर्शनी बाल्कनीत चालेल, घडी मात्र अंतर्वस्त्र ठरते, तिने मागच्या बाल्कनीत जावं.

मागच्या बाल्कनीखाली सेक्रेटरीकाकांची मागची बाल्कनी आहे आणि तिथे त्यांची वेताची खुर्ची आहे, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. काकांच्याही नाही.

(बेडकी कुशीवर वळली. थांबते. नाही, झोपली परत. पुढे सांगते.)

पाळणाघराचा दिवस जवळ आला आणि नेमकी तेव्हाच बेडकी गळायला लागली. आधी थोडी, मांडीपाशी. मग कमरेशी. मग अशी की पाणघोडे पोहायला उतरले असावेत. घडी काढून बघावी तर मधे कोरडी आणि बेडकी ओलीचिंब! हे म्हणजे छत्री कोरडी आणि छत्रीखालचा माणूस न्हालेला.

नवऱ्याचं मत पडलं की बटणं सैल लागतायत. त्याने ती घट्ट लावली. बेडकीच्या पोटावर वळ उठले आणि पाणी वरून आलं. वहिनींच्या सल्ल्याप्रमाणे दोन घड्या घातल्या. बेडकीचा मागचा भाग इतका उंच झाला की तिला बसवलं की ती पुढे कलंडायची, आणि कलंडून जमिनीवरून आमच्याकडे असं काही बघायची की आम्ही सगळेच नजर चुकवायचो. सासूबाई म्हणायच्या, “आमच्या वेळी साध्या लंगोटावर पोरं वाढली.” नवरा म्हणायचा, “आई, मला वाढवताना तू दिवसातून किती चादरी धुवायचीस ते पण सांग ना.” त्यावर सासूबाईंना एकदम मशीनकडे काहीतरी काम आठवायचं.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी मी दुपारपर्यंत घरी बसून फोनकडे पाहत होते. तो वाजला.

“या,” मोठ्या बाई म्हणाल्या. एवढंच.

गेले. पाळणाघराच्या निळ्या गादीवर एक नकाशा उमटला होता. बेडकी त्या नकाशाच्या मधोमध बसून टाळ्या वाजवत होती. शेजारचं एक मूल त्या किनाऱ्याला बोट लावून बघत होतं. मोठ्या बाईंच्या साडीचा पदरही त्या सागरात बुडाला असावा, कारण त्यांनी तो हातात धरला होता.

“मी तुम्हाला आणखी एक संधी देते,” त्या म्हणाल्या, “कारण तुम्ही रडला नाहीत. सोमवारी आणा. सोमवारी गळलं तर दुकानातले डायपर. ते नको असतील तर ही जागा मी दुसऱ्यांना देते. बाहेर तीन आया थांबल्यात.”

सोमवार! सोमवारीच मला कामावर रुजू व्हायचं होतं. म्हणजे सोमवारी बेडकी गळली, तर एक तर तिच्या अंगावर पुन्हा ते लालभडक पुरळ, नाहीतर माझ्या खुर्चीवर स्टेपलरवाला. मी परत येताना रस्ताभर एकच वाक्य घोकत आले: कागदी घालणार नाही आणि नोकरीही सोडणार नाही. बेडकी खांद्यावर झोपली होती. तिचा पायजमा पाळणाघरातला उसना होता आणि त्यावर कुणा दुसऱ्याच मुलाचं नाव होतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, “सोमवारपर्यंत गळती सापडली पाहिजे.”

सासरे पेपर बाजूला ठेवून उठले. एवढ्या चटकन ते निवृत्तीच्या समारंभातही उठले नव्हते. “माझ्याकडे सोड,” ते म्हणाले.

त्यांनी बेडकीच्या कपाटातलं मोठं अस्वल काढलं. हे अस्वल नवऱ्याने बेडकी जन्मायच्या आधी आणलेलं, बेडकी त्याला घाबरते. अस्वलाला डायपर घातला, न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, शाई घातलेलं पाणी नरसाळ्यातून योग्य जागी सोडलं आणि खाली पांढरा टॉवेल अंथरला. योग्य जागा कोणती यावर सासरे आणि सासूबाईंचं दाराआड बरंच कुजबुजून झालं. मुलगी आहे की मुलगा यावर पाण्याची दिशा अवलंबून असते, असं सासूबाईंचं म्हणणं. अस्वलाचं काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

अस्वल गळलं. दोन्ही मांड्यांतून. टॉवेलवर निळी फुलं उमटली.

“सांधे,” सासरे म्हणाले. “इलॅस्टिकपाशी गळतंय. पण...” त्यांनी चष्मा काढला. “गळती दिसते तिथे नसते.”

“मग कुठे असते, बाबा?”

“तेच तर शोधायचं.”

पुन्हा घड्या धुतल्या. पुन्हा अस्वल. पुन्हा गळती, आधीपेक्षा जास्त! जितक्या वेळा आम्ही घड्या धुवून स्वच्छ करत होतो, तितक्या त्या जास्त अडून बसत होत्या. अस्वल आतून निळं झालं. आणि याच काळात कपड्यांच्या कंडिशनरची बाटली धडाधड संपत होती. नवरा म्हणाला, “कंपन्या हल्ली बाटलीत माल कमी भरतात.” मला ते पटलं. आपल्याला पटायचं असतं तेव्हा काहीही पटतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरीकाका. दोन्ही तळहातांवर खुर्चीची उशी आडवी घेऊन, एखाद्याला शेवटचं घेऊन निघाल्यासारखे.

“वास घ्या,” ते म्हणाले.

नवऱ्याने मुकाट्याने वास घेतला. “गुलाब.”

“माझ्या मागच्या बाल्कनीत गुलाब नाही. काहीच नाही, एक खुर्ची आहे. तुमच्या त्या अंतर्वस्त्रांचं पाणी रोज माझ्या खुर्चीवर ठिबकतं.”

“काका, मागे वाळत घालायला तुमच्याच कमिटीने सांगितलं,” मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

“तो मुद्दा वेगळा!” काका म्हणाले. “आज माझ्या हातून चहा सांडला या उशीवर. सांडला तर सांडला, उशी पिईल, धुऊन टाकू. पण प्यायली नाही! चहा उशीवर तसाच उभा. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. पाणी आणा, दाखवतो.”

मी पेला आणला. काकांनी उशीवर पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले, उशीवरून डुलत डुलत निघाले आणि टपटप आमच्या सतरंजीवर उतरले. उशी कोरडी ठणठणीत.

सासरे आत गेले आणि बेडकीच्या औषधाचा ड्रॉपर आणि एक स्वच्छ धुतलेली घडी घेऊन आले. घडी टेबलावर पसरली. वरून एक थेंब सोडला. थेंब घडीवर टुमकन बसला आणि बसूनच राहिला, पाहुण्यासारखा.

“उशीचं आणि घडीचं एकच दुखणं,” सासरे हळूच म्हणाले. “घडी पाणी पीतच नाही. वरच्या वर सोडून देते. म्हणून कडेने गळतंय. कडेचा काय दोष?” मग त्यांनी घडी नाकाला लावली. “गुलाब.”

आम्ही सगळे सासूबाईंकडे पाहायला लागलो, कारण सासूबाई पडद्याच्या दोरीकडे पाहायला लागल्या होत्या.

“झाकणभर घालते मी कंडिशनर,” त्या म्हणाल्या. “फक्त झाकणभर. मशीन फिरायला लागलं की हळूच. सुती कापड वाळून कडक होतं. पोरीची कातडी आधीच सोललेली. टोचायला नको तिला.”

“आई, तू पण?” नवरा म्हणाला.

“तू पण म्हणजे?”

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मी... मीही घालतो थोडं. गळायला लागल्यापासून जरा जास्त. म्हटलं, मऊ असेल तर अंगाला नीट बसेल.”

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी उभी राहिले. मी म्हटलं, “तुम्हा लोकांना काही वाटतं का? मी त्या मोठ्या बाईंपुढे मान खाली घालून उभी. पोरगी नकाशात बसलेली. कमिटीपुढे पाणघोडे मांडले गेले. आणि इथे घरातच दोघं चोरून...”

“सूनबाई,” सासरे म्हणाले. “ती बाटली पहिल्यांदा आणली कुणी?”

मी बसले.

आता खरं ते खरं. दुपारी बेडकी झोपली की घड्या मी हाताने बादलीत खळबळवायचे, आणि त्या पाण्यात चार थेंब कंडिशनर. चारच. कधी सहा. त्या मऊ झाल्या की त्यांत नाक खुपसायला मला फार आवडायचं, एवढंच.

“आणि बाबा, तुम्ही?” नवऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. बरेच दिवस आपल्याच घराखाली फुटलेला नळ गावभर शोधत फिरल्यावर माणसाचा जसा चेहरा होईल तसा झाला. “प्रयोगाआधी नमुना मऊ असावा,” ते म्हणाले, “असं माझं मत होतं.”

म्हणजे एका बेडकीला टोचू नये म्हणून चार माणसांनी, एकमेकांच्या नकळत, प्रत्येक घडीला गुलाबाचं चिलखत घातलं होतं. गळली की जास्त धुवायचं. जास्त धुतलं की जास्त घालायचं. त्या घडीत आमची सगळ्यांची माया इतकी ठासून भरली होती की बिचाऱ्या मुलीच्या शूला आत जागाच उरली नव्हती.

“माझ्या उशीचं काय?” सेक्रेटरीकाका म्हणाले.

रविवार उकळत्या पाण्यात गेला. कव्हरं बाजूला ठेवली, त्यांना उकळणं सोसत नाही. घड्या मात्र मोठ्या पातेल्यात. पातेलं काकांच्या घरून आलं, अट एकच: उशीचा अभ्राही त्यातच उकळायचा. म्हणजे इमारतीतलं एक अंतर्वस्त्र आणि एक बाह्यवस्त्र एकाच भांड्यात. काकांनी त्याकडे पाठ केली. घरभर गुलाबाची वाफ दाटली. घड्या उकळल्या, साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा फिरवल्या, सासरे दर वेळी वाकून फेस पाहायचे आणि म्हणायचे, “अजून येतोय. आणखी एकदा.” सासूबाई दर वेळी म्हणायच्या, “कडक होतील हो.” आणि सासरे म्हणायचे, “होऊ देत.” ते वाक्य बोलायला त्यांना किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. बेडकी जमिनीवर बसून रिकाम्या कंडिशनरच्या बाटलीने अस्वलाला बदडत होती. अस्वलाची भीती तेवढी कायमची गेली.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. काकाही. सासऱ्यांनी ड्रॉपर धरला. थेंब सुटला, घडीवर पडला आणि दिसेनासा झाला.

“प्यायली!” काका एवढ्या जोरात ओरडले की बेडकी दचकली, आणि तिने तिथल्या तिथे दुसरी चाचणीही घेऊन दाखवली. सतरंजीवर. हवा लागलेली होती ना.

घडी मी सासूबाईंसारखीच गालाला लावून पाहिली. खरंच जरा खरखरीत होती. जीव कळवळला. पण बेडकीने ती माझ्या हातातून ओढली, तोंडात घातली आणि मजेत चावायला लागली. टोचत होतं ते आम्हाला, तिला नव्हतंच.

सोमवारी सकाळी मी तिला पाळणाघरात सोडलं, पिशवीत घड्या मोजून न घेता भरभरून दिल्या, आणि मागे न बघता निघाले. मागे बघायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. कामावर जाऊन आधी माझा स्टेपलर परत घेतला. मग वेळापत्रकं समोर घेतली आणि दिवसभर फोनकडे पाहिलं. त्या दिवशी मी आखलेल्या एका बसला दोन थांब्यांमध्ये झोप काढायला पुरेल एवढा वेळ दिलाय असं साहेबांनी नंतर दाखवून दिलं. असो. बसलाही कधीतरी विश्रांती हवी.

फोन वाजला नाही. आणि वाजला नाही म्हणून मला जास्तच धास्ती. एवढा मोठा सागर झाला असेल का, की फोनपर्यंत पोचताच येत नाहीये?

सुटल्यावर पळतच गेले. निळी गादी कोरडी. मोठ्या बाईंची साडी कोरडी. बेडकी कोरडी, मी पाणघोड्यांच्या कडेने बोट फिरवून पाहिलं, अगदी सासऱ्यांसारखं. एका टोपलीत वापरलेल्या घड्या जडशीळ होऊन पडल्या होत्या. दिवसभराचं सगळं पिऊन तृप्त.

मोठ्या बाई कपाटाकडे गेल्या. कपाटात दोन कप्प्यांच्या खाली एक खण रिकामा केलेला होता. “यात ठेवत जा तुमचं ते. दोन्हीही नाही आणि दोन्हीही आहे, ते.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी ताठ उभी राहून विचारलं, “फार रडली का हो?”

“कोण, ही? छे!” मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या. “एकदाही नाही. खेळली, खाल्लं, झोपली. तुमची आठवणसुद्धा काढली नाही.”

“वा,” मी म्हटलं. “छानच की.”

फाटकाबाहेर आले. बेडकी कडेवर, माझ्या कानातलं ओढत. मी रुमालासाठी पिशवीत हात घातला, हाताला स्वच्छ घडी लागली. तीच डोळ्यांना लावली. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

“काय झालं? गळली?”

“नाही बाबा. कोरडी आहे. एकदम कोरडी.”

फोनवर मागे सासूबाई काहीतरी ओरडल्या, नवऱ्याने शीळ घातली, आणि खालच्या मजल्यावरचे काकाही तिथेच असावेत, कारण कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सासरे मात्र लक्ष देऊन ऐकत असावेत, पूर्वी नळाला कान लावून ऐकायचे तसे.

“मग हा नाक ओढल्याचा आवाज कुठून येतोय?”

“गळती दिसते तिथे नसते, बाबा,” मी म्हटलं, आणि घडी दुसऱ्या डोळ्याला लावली. जरा खरखरीत होती. पण एक थेंब म्हणून बाहेर आला नाही.